गाडीला वेळ आहे

डोंबिवली पाहायला कोणी येत नाही. डोंबिवलीतली मुलगी पाहायला येतात, वन बीएचके पाहायला येतात, पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं ते पाहायला चॅनेलवाले येतात. पण गळ्यात कॅमेरा अडकवून 'चला, आज डोंबिवली करून टाकू' असं म्हणणारा पर्यटक अजून जन्माला यायचाय. याला एक सरळ कारण आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे सहसा थांबतच नाहीत. हातातला पेपर उडवून, साडीचा पदर शेजारच्याच्या तोंडावर टाकून त्या धडधडत निघून जातात. आतल्या माणसाला खिडकीतून डोंबिवली दिसते ती एवढीच: बाल्कन्या, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, आणि त्या कपड्यांमागे चहाचा कप घेऊन उभा असलेला, गाडीत नसलेला एखादा भाग्यवान माणूस.

कल्याणचं तसं नाही. कल्याणला सगळं थांबतं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली, पुढच्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणपर्यंत आली, आणि तेव्हापासून अख्खा हिंदुस्थान कल्याणच्या फलाटावर उतरून पाय मोकळे करतो, बाटली भरून घेतो आणि गाडी हलली की धावत सुटतो. स्टेशनाबाहेर कोणी पडत नाही. ही सवय जुनी असावी. 'पेरिप्लस' नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्यात म्हटलंय की एखादं ग्रीक जहाज चुकून इथे लागलंच, तर त्याला पहाऱ्यात थेट भडोचला नेऊन सोडत. म्हणजे उतरून गाव बघण्याची मुभा तेव्हाही नव्हती.

आमचे साडू मात्र उतरले.

साडू हे नातं जरा चमत्कारिकच. भाऊ नव्हे, मित्र नव्हे, शत्रू म्हणावं तर दिवाळीला फराळाची देवाणघेवाण. एकाच सासऱ्याने वेगवेगळ्या वर्षी पास केलेले दोन उमेदवार, आणि कोणाला किती मार्क पडले याची चर्चा जन्मभर चालू. आमचे साडू नागपूरचे. कुडाळला लग्न होतं, मेव्हणी आधीच पोचली होती. हे दुपारी कल्याणला उतरणार आणि रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडणार. मधला वेळ मोकळा. मी फोनवर म्हटलं, घरी या, जेवा, जरा आडवे व्हा.

"आडवं काय व्हायचं जी? गाव दाखवा."

"कुठलं गाव?"

"तुमचंच. डोंबिवली."

मी फोन कानापासून दूर धरून नंबर बरोबर आहे ना ते पाहिलं.

यामागे जपानचा हात होता. साडू मध्यंतरी लेकीकडे अमेरिकेला गेले होते. येताना टोकियोला विमान बदलायचं होतं आणि दोन विमानांमध्ये चांगला अर्धा दिवस होता. लेकीने व्हिसापासून रेल्वेच्या कार्डापर्यंत सगळं आधीच करून ठेवलं. साडू हानेदा विमानतळावरून बाहेर पडले, शिबुया नावाच्या गजबजलेल्या भागात चार-पाच तास फिरले आणि वेळेवर परत येऊन विमानात बसले. त्या चार-पाच तासांवर त्यांचं आजवर उत्तम चाललं आहे. जपानी माणूस कसा असतो, काय खातो, म्हातारपणी काय करतो, त्याची सून त्याच्याशी कशी वागते, या सगळ्यावर ते अधिकाराने बोलतात. नागपुरात दोन मंडळांनी त्यांचं व्याख्यानही ठेवलं होतं. तिकडे त्यांच्या पोटात मात्र दोन केळी आणि एक कॉफी एवढंच गेलं, कारण प्रत्येक रश्श्यात मासळीचं पाणी. हॉटेलांच्या बाहेर काचेच्या कपाटात प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ मांडलेले असतात, ते त्यांनी डोळे भरून पाहिले. सबंध टोकियोत खात्रीने शाकाहारी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

या प्रवासातून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. गावात महिनाभर राहिलं की गाव दिसेनासं होतं. पाहायचं तर परतीचं तिकीट खिशात ठेवून, घड्याळाकडे डोळा ठेवून पाहावं. मला हा सिद्धांत पटला, पण त्यात नवीन काय ते कळेना. डोंबिवलीकर जन्मभर दुसरं काय करतो? रात्री एका गाडीतून उतरतो, सकाळी दुसरी पकडतो, आणि मधल्या वेळात जेवण, झोप, मुलांचा अभ्यास, सोसायटीची मीटिंग आणि जमलं तर संसार उरकून घेतो. आम्ही सगळे इथे ट्रान्झिटमध्येच आहोत. फक्त आम्हाला कोणी व्याख्यानाला बोलावत नाही.

कल्याण आम्ही फार पाहिलं नाही. पुलावरून जाताना मी म्हटलं, आनंदीबाई जोशी इथल्याच, १८६५ साली कल्याणात जन्मल्या, आणि १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेल्या. साडूंनी विचारलं, "टोकियोमार्गे?" म्हटलं, नाही, इंग्लंडमार्गे. त्यांचा आनंदीबाईंमधला रस तिथेच संपला. खिडकी वड्याशी मात्र ते मनापासून थांबले. घराच्या खिडकीतून वडा बाहेर येतो आणि पैसे आत जातात, या व्यवस्थेने ते भारावले. "तिकडे असंच असते ना जी! छोटंसं खिडकीवानी दुकान, आत एकच माणूस, पिढ्यान्‌पिढ्या एकच पदार्थ!" वडा खाल्ल्यावर ते काही बोलले नाहीत. नागपूरकर गप्प बसला की पसंती समजायची.

कल्याण ते डोंबिवली लोकलने दहा मिनिटं. मधे ठाकुर्ली लागतं. दुपारची गाडी, बसायला जागा, पंख्याखालची सीट. साडूंना हे काही रुचलं नाही. "गर्दी कुठाय?" त्यांनी तक्रारीच्या सुरात विचारलं. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनावरून म्हणे रोज तीस लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात, गिनेस बुकात नोंद आहे, आणि एके काळी तिकडे पांढरे हातमोजे घातलेले खास कर्मचारी लोकांना अदबीने डब्यात ढकलायचे. मी त्यांना समजावलं की ही गर्दीची वेळ नव्हे. सकाळी आठला या, मग दाखवतो. आमच्याकडे ढकलणारे खास नेमलेले नाहीत, प्रवासीच एकमेकांना ढकलतात. हातमोजे नसतात, पण अदब असते. "आत सरका हो, आत काय क्रिकेट खेळताय का," हे वाक्य ज्या स्वरात म्हटलं जातं त्यात निम्मी विनंतीच असते.

शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या वर दारं आहेत, हेही साडूंनी सांगितलं. चुकीच्या दाराने बाहेर पडलं तर माणूस अर्धा तास भटकतो. डोंबिवलीला त्या मानाने सोपं आहे. दारं दोनच, पूर्व आणि पश्चिम. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर अर्ध्या तासाचा प्रश्न नसतो, जन्माचा असतो. पूर्वेचा माणूस पश्चिमेला जातो तो लग्नाला किंवा पोलीस व्हेरिफिकेशनला. मधे फक्त रूळ आहेत, पण पूर्वेच्या बायका पश्चिमेच्या भाजीचे भाव दुबईच्या सोन्याचे भाव सांगावेत तसे सांगतात. पश्चिमेविषयी मी इथे काही लिहिणार नाही. मी पूर्वेचा.

पूर्वेला उतरलो. इंदिरा चौकापाशी येताच साडू फुटपाथच्या कडेला एकदम उभे राहिले. मला वाटलं चपलेत काही गेलं. ते सिग्नल शोधत होते.

इथे शिबुयाच्या प्रसिद्ध क्रॉसिंगबद्दल सांगायला हवं, कारण मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की मला तिथला पत्ता सांगता येईल. सगळ्या बाजूंची वाहनं एकाच वेळी थांबतात आणि चहूकडून माणसं निघतात. गर्दीच्या वेळी एका फेरीत तीन हजारांपर्यंत. कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. दिवा लाल झाला की रस्ता रिकामा. लोक वरच्या मजल्यांवरच्या हॉटेलांत कॉफी घेऊन हे बघत बसतात. साडूंची एकमेव कॉफी तिथलीच.

इंदिरा चौकात चहूकडून माणसं निघतात हे खरंच, पण त्यासाठी वाहनांनी थांबावं अशी अट कोणी घातलेली नाही. शिबुयात जे थोड्याथोड्या वेळाने होतं ते इथे अखंड चालू असतं. रिक्षा, पालिकेची बस, टेम्पो, शहाळ्यांची हातगाडी, क्लासला उशीर झालेली सायकल आणि पायी माणसं सगळी एकाच वेळी सगळ्या दिशांना निघालेली असतात, आणि तरीही जो तो आपापल्या ठिकाणी पोचतो. हे कसं होतं ते मी साडूंना सांगू शकलो नसतो. सुदैवाने एक आजी आल्या. नऊवार नव्हे, साधी पाचवार. एका हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मुळ्याची पानं बाहेर. आजींनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. मोकळा हात कमरेच्या उंचीवर, पंजा किंचित उघडा, एवढाच पुढे केला. रिक्षा थांबली. तिच्यामागची बस थांबली. बसवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात काढून घेतला. आजी पलीकडे पोचल्या, आणि चौक जिथे तुटला होता तिथून पुन्हा सुरू झाला.

"हे लाइसन आहे का जी त्यांच्याकडे?" साडूंनी विचारलं. आम्ही पुढच्या आजींची वाट पाहिली आणि त्यांच्या मागोमाग निघालो.

आता फडके रोड. लांबीने म्हणाल तर चालायला लागल्यावर दहा मिनिटांत संपावा असा रस्ता. पण फडके रोडवर चालायला लागून दहा मिनिटांत तो संपवलेला माणूस मला माहीत नाही. दर वीस पावलांवर ओळखीचं कोणीतरी भेटतं. पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "शनिवारच्या कार्यक्रमाला येताय ना?" हा असतो. कुठला कार्यक्रम ते विचारायचं नाही, कुठला तरी असतोच. शं. ना. नवरे इथले, पु. भा. भावे इथले, २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलनही इथेच भरलं. तेव्हा तर गावात अशी परिस्थिती होती की घरी पाहुणा आला नाही तर तो एकतर अपमान समजला जायचा किंवा योग.

रस्त्याच्या डोक्याशी गणेश मंदिर. १९२४ सालचं. मंदिरात जाऊन आलो आणि पायरीवर चपला घालता घालता मी साडूंना दिवाळीचं सांगितलं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की अख्ख्या डोंबिवलीची तरुण मंडळी नवे कपडे घालून इथे येतात. आधी गणपती, मग फडके रोड. करायचं काही नसतं. उभं राहायचं, फोटो काढायचे, शाळेतले मित्र गाठायचे, आणि जिच्यासाठी आलो ती आली आहे का ते न पाहिल्यासारखं करून पाहायचं. कित्येक वर्षांचा रिवाज आहे. किती लग्नं या रस्त्यावर ठरली याची मोजदाद नाही. परगावी, परदेशी गेलेली मुलंही यासाठी सुट्टी टाकून येतात. आईला सांगतात, तुझ्यासाठी आलो.

"हॅलोविन!" साडू म्हणाले. शिबुयातही तसंच असते म्हणे. ऑक्टोबरअखेर हजारो पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतात. पण २०२३ साली तिथल्या महापौरांनीच जगाला हात जोडून सांगितलं की कृपा करून हॅलोविनला शिबुयात येऊ नका. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडेही गर्दी आटोक्याबाहेर जाते, पोलीस येतात, ढोलावरून, डीजेवरून वाद होतात, वर्तमानपत्रांत 'संस्कृती कुठे चालली' अशी पत्रं येतात. ती पत्रं लिहिणारे तरुणपणी याच कट्ट्यावर पहाटे साडेपाचला उभे असत, हे मला माहीत आहे. भुतांच्या बाबतीत म्हणाल तर २०२२ साली 'झोंबिवली' नावाचा अख्खा सिनेमा येऊन गेला. रात्री नऊच्या धीम्या गाडीतून उतरणारी माणसं पाहिली असती तर निर्मात्याचा मेकअपचा खर्च वाचला असता.

पाडव्याची गोष्ट वेगळी. नववर्ष स्वागतयात्रा ही कल्पना १९९९ मध्ये इथूनच निघाली. लेझीम, फेटे, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, हे जे आज गिरगावात, ठाण्यात टीव्हीवर दिसतं त्याचं मूळ इथलं. गिरगावकरांना हे सांगून पाहा. ते ऐकून घेतात, मान हलवतात, आणि पुन्हा गिरगावबद्दल बोलू लागतात.

साडूंनी पाट्यांचा विषय काढला. शिबुयात इमारतीएवढ्या पडद्यांवर जाहिराती हलत असतात. ओसाकाला तर धावपटूची एक पाटी आहे, ती १९३५पासून तिथे आहे; पाट्या बदलल्या, दिवे बदलले, धावपटू तोच, हात वर करून तसाच धावतोय. मी त्यांना मान वर करायला सांगितली. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स होते. एका नेत्याचा मोठा चेहरा, त्याच्या वर त्याच्या नेत्याचे त्याहून मोठे चेहरे, आणि खाली शुभेच्छुकांची छत्तीस छोटी डोकी. यातला एक फ्लेक्स 'भावी नगरसेवका'चा. २०१५ नंतर पालिकेची निवडणूक इतकी लांबत गेली की 'भावी' हेच एक कायमस्वरूपी पद होऊन बसलं होतं. काही जण त्या पदावर असतानाच म्हातारे झाले. ओसाकाच्या धावपटूची चिकाटी मला माहीत आहे, पण त्याला दरवर्षी केक कापावा लागत नाही.

मग साकुरा. हे येणारच होतं. साडू गेले तेव्हा एप्रिलची सुरुवात होती आणि गुलाबी मोहोर पडत होता. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले: रस्ता गुलाबी, नाला गुलाबी, गुलाबी पार्श्वभूमीवर साडू. मी म्हटलं, हा रंग आमच्याकडे येऊन गेला. फेब्रुवारी २०२०मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रसायनांमुळे असाच गुलाबी झाला होता. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी त्यांना जुन्या बातमीतला फोटो काढून दिला. मुख्यमंत्री स्वतः पाहायला आले होते. गंमत अशी की जपानचे पंतप्रधान दरवर्षी शिंजुकूच्या बागेत साकुरा पाहण्याची मोठी पार्टी द्यायचे, आणि नेमकी २०२०ची पार्टी वादामुळे रद्द झाली. त्या वर्षी साऱ्या आशियात गुलाबी रंग बघण्याचा सरकारी कार्यक्रम झाला असेल तर तो डोंबिवलीत. त्याआधी २०१४मध्ये हिरवा पाऊसही पडला होता. साडू बराच वेळ माझ्या छत्रीकडे बघत राहिले.

पाय दुखायला लागले होते म्हणून शेअर रिक्षा केली. मागच्या सीटवर तिघं आधीच होते, तेव्हा साडू चौथ्या सीटवर. ज्यांनी चौथी सीट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही सीट नसते. रिक्षावाला आपल्या बुडाखालची अर्धी जागा तुम्हाला देतो. तुमची एक मांडी त्याच्या गादीवर, दुसरी मांडी हवेत, एक हात त्याच्या पाठीमागच्या दांडीवर, मान काचेच्या चौकटीखाली, आणि वळण आलं की त्याचं कोपर तुमच्या बरगडीत. तो त्याच अवस्थेत सुटे पैसे मोजतो, फोनवर बायकोशी बोलतो आणि खड्डा चुकवतो. साडू सांगत होते की टोकियोत टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, आपण हात लावायचा नाही. "आपल्याकडे कायम उघडंच ठेवलंय, काका," रिक्षावाला म्हणाला.

उतरल्यावर मी त्यांना संध्याकाळची रिक्षाची रांग दाखवली. स्टेशनाच्या कठड्यापासून निघालेली, दोन वळणं घेतलेली. शिबुया स्टेशनाबाहेर हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचे मालक प्राध्यापक होते, ते १९२५मध्ये वारले, पण हाचिको जवळजवळ दहा वर्षं रोज स्टेशनावर येऊन त्यांची वाट पाहत राहिला. तो जिवंत असतानाच १९३४मध्ये त्याचा पुतळा उभारला. त्यावर साडूंचे डोळे दर व्याख्यानात भरून येतात. मी त्यांना रांगेतला एक गृहस्थ दाखवला. खांद्यावर डब्याची पिशवी, पाठीवर लॅपटॉप, पाऊस सुरू होण्याच्या बेतात, रिक्षा एकही नाही. हा रोज येतो. तीस वर्षं. साडू म्हणाले, "पुतळा काऊन नाही मग यांचा?" जागा नाही, म्हटलं. पुतळा उभा केला तर रांग कुठे उभी करायची?

तेवढ्यात हिचा फोन आला. ऑफिसातून सुटली होती, स्टेशनाशेजारच्या पोळी-भाजी केंद्रापाशी या म्हणाली. आणि इथे, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, साडूंना डोंबिवलीचं खरं दर्शन झालं.

पोळी-भाजी केंद्र म्हणजे एक शटर, दीड माणूस मावेल एवढं काउंटर आणि आत चार बायका. एक लाटते, एक भाजते, एक मोजते, एक ओरडते. काउंटरवर स्टीलची पातेली, त्यांवर झाकण म्हणून ताटल्या: बटाटा, मटकी, भेंडी, आणि झाकण न उघडताच दुधी असल्याचं कळतं असं एक पातेलं. पोळ्या फडक्यात गुंडाळलेल्या. समोर नुकत्या गाडीतून उतरलेल्या बायका, खांद्यावरची पर्स पोटाशी घेतलेल्या. इथे रांग नसते, पण क्रम असतो आणि तो सगळ्यांना पाठ असतो. मधे घुसणारा पुरुष असेल तर त्याच्याकडे कोणी बघतही नाही, आणि तेवढ्याने तो मागे सरकतो.

"सहा घडीच्या, पाव मटकी."

"फुलके किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"मग चार भाकऱ्या द्या."

"ज्वारीच्या संपल्या. तुमच्या सासऱ्यांच्या दोन बाजूला काढून ठेवल्यात."

साडू अवाक. जपानात म्हणे लाखांनी व्हेंडिंग मशीन आहेत. नाणं टाकलं की गरम कॉफीचा डबासुद्धा बाहेर येतो, कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास उघडी दुकानं असतात, भाताचे त्रिकोण प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले असतात. "पण सासऱ्यांची शुगर मशीनला कुठं माहीत असते जी?" हे ते स्वतः म्हणाले. मला बोलावं लागलं नाही. संकष्टीला इथे उकडीच्या मोदकांसाठी दुपारीच नाव द्यावं लागतं, आणि एकवीस सांगितले तर "अकराच घ्या, बाकीच्यांनाही आहे ना उपास," असं ऐकावं लागतं, हे मी जोडलं.

ही त्यांना म्हणाली, "भावजी, प्रवासात बाहेरचं काही खाऊ नका हं," आणि त्यांच्यासाठी आठ पोळ्या, भेंडी आणि लसणीची चटणी बांधून घेतली. केंद्रातलं ते बाहेरचं नाही, याबाबत डोंबिवलीत दुमत नाही.

ठाण्याला जाताना गाडी रिकामी, कारण सगळं जग उलट्या दिशेने येत होतं. समोरून भरलेल्या लोकल जात होत्या आणि साडू दारात उभे राहून त्या मोजत होते. दिवा आलं तेव्हा मी म्हटलं, आता जपानच इकडे यायचंय. बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन इथे जवळच म्हातार्डीला होणार. मुंबईत बीकेसीपासून जमिनीखाली शिरायचं, सात किलोमीटर खाडीखालून यायचं, आणि एकवीस किलोमीटरचा बोगदा संपला की वर यायचं शिळफाट्याला. तंत्रज्ञान जपानी, वेग ताशी ३२०. आख्ख्या जिल्ह्यात एक इंचही काही हलत नाही असं एक ठिकाण आहे, नेमकं तिथेच जगातल्या वेगवान गाड्यांपैकी एक बाहेर येणार. रस्त्यावर तासभर अडकलेली माणसं तेवढं तरी बघतील. पुढे ती गाडी भरुचला थांबणार. ग्रीकांना जिथे पहाऱ्यात नेऊन सोडायचे, तिथेच; आता तिकीट काढून.

जपानमधली एक रेल्वे २०१७मध्ये वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती, ही गोष्ट साडूंनी मला या प्रवासात पुन्हा सांगितली. आमची गाडी कळव्याच्या अलीकडे उभी होती. ऐकायला वेळ भरपूर होता.

ठाण्याबद्दल काय सांगायचं? ठाणेकर ते स्वतःच सांगतात. तलावपाळीवर एक फेरी मारली. एका बाजूला कौपिनेश्वर, एका बाजूला गडकरी रंगायतन, मधे मासुंद्याच्या पाण्यात बदकाच्या आकाराच्या होड्या, काठावर कुल्फी खाणारी जोडपी आणि त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची ओळखीची माणसं. साडूंना छान वाटलं. मला ते पाहून जरा वाईट वाटलं, कारण डोंबिवलीला ते कुठेही 'छान' म्हणाले नव्हते. मिसळ खायची त्यांची इच्छा होती, पण हिने मामलेदारच्या तिखटाची अशी वर्णनं केली की कोकणकन्येतल्या स्वच्छतागृहांचा विचार करून त्यांनीच माघार घेतली.

गाडी आली. डबा शोधला, बॅग खाली सरकवली, पोळ्यांचं पुडकं खिडकीपाशी ठेवलं. निघताना साडूंनी माझा हात हातात घेतला. "टोकियोपेक्षा दोन गोष्टी जास्त पाह्यल्या, साडूभाऊ." कुठल्या दोन, ते सांगायच्या आत गाडी हलली.

आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच फोन.

"पनवेल आलं. पोळी मस्त हाय. पण एक विचारू का जी? समोर एक गृहस्थ बसलेत. पुडकं उघडलं तसं म्हणाले, ही डोंबिवली पूर्वेची पोळी दिसते, पश्चिमेला याहून पातळ मिळते. पश्चिमेला नेलं नाही का तुम्हाला, म्हणाले."

"नाही, ते..."

"तिकडे खाडी आहे म्हणतात. रेतीबंदर आहे. मासळी बाजार आहे. खरी डोंबिवली तीच, असं म्हणून राहिले ते. आणि मोठागावहून खाडीवर नवा पूल झालाय ना जी? त्यावरून ठाणे झटक्यात येते म्हणे. मग आपण कळव्याला काऊन उभे राहिलो होतो?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात त्यांची गाडी पनवेलहून सुटली असावी, कारण मोबाइलच्या नेटवर्कने माझ्या बाजूने निकाल दिला.